घरचे दूध, गर्भवती माता आणि नवजात बालक

गाय किंवा म्हैस गाभण राहिली म्हणजे जाणता शेतकरी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. विण्यापूर्वी सुमारे दोन महिने तिला आटवावी, तिचा खुराक वाढवावा, तिला लांबच्या चढाच्या रानात नेऊ नये, मारक्या जनावरांपासून वेगळी बांधावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पोटातील वासराची बहुतेक वाढ शेवटच्या काही महिन्यांत होते. या काळात गाईच्या तोंडचा घास तोडला तर वासरू अशक्त निपजते आणि पुढचे वेतही बिघडते, हा त्याचा पिढीजात अनुभव आहे. मात्र त्याच घरातील सून गरोदर असते तेव्हा तिच्या ताटात, कामात आणि विश्रांतीत असा बदल झालेला क्वचितच आढळतो. ती पूर्वीप्रमाणेच सर्वांच्या मागून जेवते, डोक्यावर वैरणीचा भारा आणते आणि पहाटे धार काढून किटली डेअरीला पाठविते. त्या किटलीतील पेलाभर दूध तिच्या वाट्याला आले की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

माणसाची जनावराशी तुलना करणे कित्येकांना रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु गोठ्यातील हिशेब ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना घरातील हिशेब समजण्यास अडचण पडू नये, एवढ्यासाठीच ती येथे केली आहे.

जन्मतः बालकाचे वजन २.५ किलोग्रॅमपेक्षा कमी भरल्यास त्यास कमी वजनाचे बालक म्हणतात. अशा बालकाच्या अंगात ऊब टिकत नाही, ते जोराने दूध ओढू शकत नाही आणि जंतुसंसर्गास लवकर बळी पडते. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांमध्ये अशा बालकांची आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांची संख्या फार मोठी असते. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ज्या बालकांच्या जन्मवजनाची नोंद उपलब्ध होती, त्यांपैकी सुमारे १८ टक्के बालके या मर्यादेखाली होती. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे आकडे दुष्काळाच्या वर्षाचे नाहीत. धान्याची कोठारे भरलेली असतानाचे आहेत. म्हणूनच केवळ ‘धान्य कमी पडते’ एवढे उत्तर येथे पुरेसे होत नाही.

पुणे जिल्ह्यातील सहा गावांचा अनुभव

या प्रश्नाचा महाराष्ट्राच्या मातीतच झालेला एक मोठा अभ्यास ग्रामकार्यकर्त्यांनी अवश्य माहीत करून घ्यावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुणे शहराजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराची, कामाची आणि त्यांच्या बालकांच्या जन्मवेळच्या मापांची बारकाईने नोंद केली. त्यांपैकी ७९७ गरोदर स्त्रियांच्या आहारासंबंधीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. या माता शेतकरी घरांतल्या होत्या. त्यांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्याही आत होते. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या आहारातून दिवसाला सरासरी १,७५० किलोकॅलरी उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम आणि लांबी ४७.८ सेंटिमीटर भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी तुलना केली असता ती सरासरी साडेतीन किलोची, तर पुण्याकडील खेड्यांतील बालके पावणेतीन किलोच्याही थोडी आत, असा फरक दिसला. शिवाय या लहानखुऱ्या बालकांमध्ये मांस आणि पोटातील अवयव कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशी बालके मोठेपणी मधुमेहाकडे अधिक झुकतात, असे या संशोधकांचे मत आहे. म्हणजे पोटातल्या नऊ महिन्यांचा हिशेब चाळीस-पन्नास वर्षांनीही चुकता करावा लागू शकतो.

या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बालकाच्या जन्मवेळच्या आकाराशी थेट संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो तीन साध्या पदार्थांशी. अठराव्या आठवड्यात दूध अधिक घेणाऱ्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके मोठी होती. इतर संभाव्य कारणे हिशेबात घेऊनही हा संबंध कायम राहिला, आणि पालेभाज्यांच्या बाबतीत तो विशेष ठळक होता. भाकरी, भात आणि पातळ आमटी यांनी पोट भरते, पण गर्भाची घडण होण्यास लागणारी लोह, फोलेट, कॅल्शियम, जीवनसत्त्वे इत्यादी द्रव्ये त्यातून पुरेशी मिळत नाहीत. एकाच नत्रखतावर पीक घेऊन पालाश, स्फुरद आणि जस्त विसरावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

याच मातांच्या रक्ताची तपासणी केली असता सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचे आढळले. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत किंवा भाजीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांतून मिळते. माळकरी किंवा अन्य शाकाहारी घरात अंडी-मासे वर्ज्य असतात. तेथे दूध आणि दही हाच त्याचा मुख्य आधार उरतो. अशा घरातील दूधच जर सगळे बाहेर जात असेल, तर गर्भवतीने ते मिळवावे कोठून?

पैसा घरात येतो, घास कोठे जातो

कुटुंबाचे उत्पन्न आणि नवजात बालकाचे आरोग्य यांचा संबंध आहे यात शंका नाही. गरीब घरातील मुलगी लहानपणापासूनच अर्धपोटी वाढते, तिची उंची खुंटते, लवकर लग्न होते आणि स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच ती आई होते. तिला तपासणीला नेण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. पाणी लांबून आणावे लागते, चूल धुराची असते. उत्पन्न वाढले म्हणजे यातील बऱ्याच अडचणी कमी होऊ शकतात. मात्र उत्पन्न वाढले की आपोआप गर्भवतीचे ताट भरते, असे मानणे चुकीचे आहे. बागायत झालेल्या, ट्रॅक्टर घेतलेल्या घरांतही रक्त कमी असलेल्या, काटकुळ्या सुना पुष्कळ दिसतात. पैसा कोणाच्या हातात येतो, वर्षातून किती वेळा येतो आणि तो येण्यासाठी घरातून काय बाहेर जाते, यांवर सारे अवलंबून असते.

उसाचे बिल येते तेव्हा सोसायटीचे कर्ज आधी वळते होते. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदम येतो आणि लग्नकार्य, औषधे व बियाणे यांत जातो. दुधाचा पैसा मात्र दहा-पंधरा दिवसांनी नियमित मिळतो. म्हणूनच घरखर्चाचा भार त्यावर पडतो आणि पेलाभर दूध घरी ठेवणे कुटुंबाला नुकसानीचे वाटते. सासू म्हणते, “सूनबाई, लीटरभर कमी घातलं तर किराण्याचं कसं भागवायचं?” तिचा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर उपदेशाने देता येणार नाही, हिशेबानेच द्यावे लागेल.

समजा, एका घरी एक संकरित गाय रोज दहा लीटर दूध देते. गर्भवतीसाठी रोज अर्धा लीटर दूध घरी ठेवायचे ठरविले, तर विक्रीतील विसावा भाग कमी होईल. नऊ महिन्यांच्या २७० दिवसांत हे दूध १३५ लीटर होते. लीटरला ३० रुपये भाव धरला तर ४,०५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे साडेचारशे रुपये. उलट कमी वजनाचे बालक आठवडाभर जरी खाजगी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तरी याहून कितीतरी अधिक पैसे उसनवारीने उभे करावे लागतात. आणि बालक वाचले नाही तर तो हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही. दहा लीटर देणाऱ्या गाईचे अर्धा लीटर दूध वासराला सोडताना शेतकरी मागेपुढे पाहत नाही. घरातल्या वासराच्या वाट्याचेही एवढेच मागणे आहे.

ज्यांच्या घरी जनावर नाही, त्या मजूर कुटुंबांचा प्रश्न अधिक कठीण आहे. तेथे दुधाऐवजी भुईमुगाच्या शेंगा, गूळ, फुटाणे, नाचणी, अंडी आणि फुकट मिळणारा पाला यांवर भर द्यावा लागतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गव्हात त्याचा अल्पांशही नसतो. शेंगदाण्याचे महत्त्व तर पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात झालेल्या एका प्रयोगाने उत्तम प्रकारे सिद्ध केले आहे. तेथील ग्रामीण भागातील २८ खेड्यांत १९८९ पासून पाच वर्षे गरोदर स्त्रियांना गरोदरपणाच्या मध्यापासून प्रसूतीपर्यंत रोज भाजलेले शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर आणि शेंगदाण्याचे तेल यांची बिस्किटे देण्यात आली. बालकांचे सरासरी जन्मवजन १३६ ग्रॅमने वाढले. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातील बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्यातही विशेष असे की, सुगीच्या काळात ही वाढ ९४ ग्रॅम होती, तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या टंचाईच्या काळात ती २०१ ग्रॅम भरली. त्या देशात पावसाळ्यात कोठार रिकामे असते आणि शेतकाम सर्वांत जड असते. आपल्याकडील आषाढ-श्रावणाशी हे वर्णन तंतोतंत जुळते. कणगी तळाला गेलेली, भाताची लावणी किंवा निंदणी जोरात, आणि त्यात उपवासांची रांग. या दोन-तीन महिन्यांत ज्या स्त्रिया गरोदर असतात, त्यांची यादी ग्रामकार्यकर्त्याने आधीच करून ठेवली तर मदत नेमकी कोठे पोचवावी हे कळेल.

मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग याच विषयाची दुसरी बाजू दाखवितो. तेथे स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून बनविलेला रोजचा एक पदार्थ गर्भधारणेच्या आधीपासूनच देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनातील फरक किरकोळच होता. मात्र गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने तो पदार्थ ज्यांना मिळाला, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. शिवाय गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही बरेच घटले. अतिशय कृश मातांना मात्र वजनाच्या बाबतीत फायदा झाला नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. आहाराची सुरुवात दिवस गेल्यानंतर नव्हे, लग्न झाल्यापासून किंबहुना मुलगी वयात आल्यापासूनच व्हावयास पाहिजे. आणि फारच वाळलेल्या स्त्रीला नुसती भाजी पुरत नाही, तिला आधी पोटभर जेवण पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीस नेहमीपेक्षा रोज ३५० किलोकॅलरी अधिक लागतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. अंगावर पाजत असताना पहिल्या सहा महिन्यांत ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. घरच्या भाषेत सांगावयाचे तर नेहमीच्या जेवणावर एक ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध एवढे वाढविल्यास गरोदरपणातील उष्मांकांची गरज भागते. ‘दोन जिवांचे जेवण’ म्हणून दुप्पट खाण्याची काहीही गरज नाही. उलट, मूल लहान राहिले म्हणजे बाळंतपण सोपे जाते, या समजुतीने गरोदर स्त्रीला मुद्दाम कमी जेवू घालणे घातक आहे. आईचे पोट मारून सोपे केलेले बाळंतपण बालकाला महागात पडते.

येथे आपल्या रूढीतील एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप, शेपूची भाजी असा पौष्टिक आहार आपल्याकडे बाळंतिणीसाठी राखून ठेवलेला असतो. तो चांगलाच आहे, त्याचा दुधाला उपयोग होतो. परंतु बालकाचे हाड-मांस त्याआधीच बनून गेलेले असते. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण हा एका दिवसाचा सोहळा न राहता त्याच थाटाचे साधे जेवण चौथ्या महिन्यापासून रोज मिळू लागले, तर ही रूढी खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.

कष्ट, धूर आणि मिश्री

पुण्याच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष कामासंबंधी आहे. ज्या मातांवर गरोदरपणात शेतकाम, पाणी भरणे, धुणे इत्यादींचा फार भार होता, त्यांची बालके आकाराने लहान होती. म्हणजे घासाइतकाच घामाचाही हिशेब आहे. पोटात गेलेले अन्न जर हंडे आणि भारे वाहण्यात खर्ची पडले, तर गर्भाच्या वाट्याला काय उरणार? गरोदर स्त्रीने काहीच काम करू नये असा याचा अर्थ नव्हे. हलके काम, चालणे-फिरणे चांगलेच असते. पण चौथ्या महिन्यापासून डोक्यावरून जड ओझे वाहणे, तासन्‌तास वाकून लावणी करणे आणि दूरवरून पाणी आणणे ही कामे घरातील इतरांनी, विशेषतः पुरुषांनी, वाटून घेतली पाहिजेत. दुपारी दोन तासांची विश्रांती ही चैन नाही.

शेतीतील एका धोक्याचा येथे वेगळा उल्लेख करणे आवश्यक आहे. कीटकनाशके फवारणे, ती पाण्यात मिसळणे, पंपात पाणी भरून देणे, फवारणी करणाऱ्याचे कपडे धुणे किंवा नुकत्याच फवारलेल्या शेतात वेचणी-खुरपणी करणे, यांपैकी कोणतेही काम गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस देऊ नये. फवाऱ्याचे कपडे ज्याने फवारले त्यानेच धुवावेत.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांत तर उत्पन्न आणि गर्भवतीचे आरोग्य समोरासमोर उभे ठाकतात. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास निघणारी ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडावर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. बाईने विसावा घेतला की कर्ज वाढते, न घेतला की बालक रोडावते. अशा ठिकाणी माउलीला दोष देणे व्यर्थ आहे. निघताना माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळ आहे ना, गोळ्यांचा साठा बरोबर दिला आहे ना, हे गावच्या आशा सेविकेने पाहावे. आणि ज्या गावात फड पडला असेल, तेथील अंगणवाडीने व उपकेंद्राने तिला आपल्याच गावची समजून आहार आणि तपासणी द्यावी. बाहेरगावची म्हणून तिला परत पाठविणे कोणत्याही नियमात बसत नाही.

चुलीचा धूर गर्भाला अपायकारक आहे. तंबाखूची मिश्री त्याहूनही चोरपावलांनी येते. खेड्यांतील पुष्कळ स्त्रिया मिश्रीला दात घासण्याची पूड समजतात, व्यसन समजत नाहीत. मुंबईत १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की, मिश्री किंवा अन्य प्रकारे तोंडातून तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दूध-भाजीने कमावलेले वजन अशा रीतीने डबीभर राखेत घालविण्यात काय अर्थ?

लोहाच्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द. ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, त्यामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबाचे सरबत, पेरू किंवा आवळा यांबरोबर घेतल्यास अधिक शोषले जाते. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. शौचास काळे होते म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी.

बालक लहान जन्मले तर

एवढी काळजी घेऊनही काही बालके लहान जन्मतातच. तेव्हा हताश होऊन बसू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग १९९५ ते १९९८ या काळात केला. तेथे दर हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत खाली आला. यात कोणतेही मोठे यंत्र नव्हते. वजन काटा, तापमापक, श्वास मोजण्यासाठी घड्याळ, बालकाला गुंडाळण्याची पिशवी, काही औषधे आणि वेळेवर घरी येणारी शिकलेली बाई, एवढेच भांडवल होते. देशभरातील आशा सेविकांच्या नवजात बालकांसाठीच्या गृहभेटी याच अनुभवावर उभ्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी आली पाहिजे. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

लहान बालकाला पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून, डोक्याला टोपरे घालून, वरून लुगड्याने बांधून ठेवावे. यापेक्षा चांगली ऊब शेगडीनेही मिळत नाही, आणि शेगडीचा धूर तर नकोच. तासाभराच्या आत आईचे दूध द्यावे, पहिला पिवळसर चीक फेकू नये, मध किंवा साखरेचे पाणी चाटवू नये. बालक ओढत नसेल, अंग गार लागत असेल, श्वास जोराने चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर अंगारा-धुपारा करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

शासकीय मदत आणि ती कोणाच्या ताटात पडते

प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून चालू आहे. पहिल्या अपत्यासाठी पात्र मातेला तिच्या खात्यात ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची वेळेवर नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि जन्मनोंद व पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. वर मांडलेला अर्ध्या लीटर दुधाचा हिशेब पाहिला, तर पहिला हप्ता त्या खर्चाचा बराचसा भाग भरून काढतो. मात्र तो हाती येण्यासाठी नोंद लवकर व्हावी लागते. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत लाजेकाजेने गोष्ट लपवून ठेवल्यास ना आहार वेळेवर सुरू होतो ना पैसा. खाते आईच्याच नावाचे आणि आधारशी जोडलेले आहे ना, हे नोंदीच्या दिवशीच तपासून घेतले तर पुढील हेलपाटे वाचतात.

अंगणवाडीतून घरी मिळणारा कोरडा आहार सहसा सगळ्या घरात वाटला जातो, आणि भुकेल्या मुलांच्या तोंडासमोर आईने एकटीने खावे अशी अपेक्षाही करता येत नाही. या दृष्टीने महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना अधिक शहाणपणाची वाटते. तीत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे शिजवलेले चौरस जेवण मिळते. बाई तेथे बसून जेवते, इतर बायकांबरोबर बोलते, तिचे वजनही तेथेच होते.

दारची परसबाग

पालेभाजी विकत घेण्यावर विसंबून राहिल्यास उन्हाळ्यात ती ताटातून नाहीशी होते. म्हणून घरामागे अर्धा गुंठा जागा आणि मोरीचे साबणविरहित सांडपाणी एवढ्यावर छोटी परसबाग करावी. एकदम मोठा वाफा पेरू नये. दोन हात रुंद व चार हात लांब असे चार वाफे करून दर आठ-दहा दिवसांनी एकेक पेरावा, म्हणजे भाजी सतत मिळत राहते. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर. पावसाळ्यात तांदुळजा, अंबाडी, चवळी. उन्हाळ्यात तांदुळजा आणि माठ. मेथी पेरल्यापासून सुमारे महिन्याभरात काढणीस येते. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी; चिरून पाण्यात भिजत ठेवल्यास तिचे सत्त्व निघून जाते. भाजीवर लिंबू पिळून खावे. बांधाला एक लिंबाचे आणि दोन पपईची झाडे लावावीत. पपई गरोदरपणात वर्ज्य मानतात. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये, ती बाळंतपणानंतर आईला आणि एरवी मुलांना उपयोगी पडते. तोवर पेरू, केळी, चिकू, बोरे आहेतच.

शेवग्याला मात्र पर्याय नाही. त्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला जनावरांपुढे टाकतो. वास्तविक लोह, कॅल्शियम आणि अ-जीवनसत्त्वासाठी आवश्यक घटक पाल्यातच विपुल आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा किंवा तमिळनाडूची पी. के. एम.-१ ही जात घ्यावी. पावसाच्या सुरुवातीस दोन फूट खोल खड्ड्यात घमेलेभर शेणखत घालून बी टोकावे, पाणी साचू देऊ नये. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून पाला हाताच्या अंतरावर राहतो आणि गरोदर स्त्रीला झाडावर चढावे किंवा कोणाला सांगावे लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पाला तोडता येतो. कोवळा पाला मुगाच्या डाळीत, पिठल्यात किंवा भाकरीच्या पिठात मिसळावा. उरलेला सावलीत वाळवून कुटून डब्यात भरून ठेवावा, तो चैत्र-वैशाखात कामास येतो. ज्या घरी गरोदरपणाची नोंद होईल, त्या घरी त्याच आठवड्यात शेवग्याच्या दोन बिया आणि मेथीचे मूठभर बी पोचविण्याची व्यवस्था ग्रामकार्यकर्त्याने केली, तर मेथी चौथ्या महिन्यात आणि शेवग्याचा पाला सातव्या महिन्यात त्या मातेच्या ताटात येईल.